सहा पौंडांत दुसऱ्याचे परसदार

दक्षिण लंडनमध्ये मी गेली नऊ वर्षे राहते. रोज सकाळी ज्या रस्त्याने मी स्थानकाकडे जाते, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळसर विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आहेत. समोरून ती सगळी सारखीच दिसतात: एक खिडकी, एक दार, कचऱ्याचे डबे आणि फार तर लॅव्हेंडरची एक कुंडी. या घरांना मागे परसदार असते हे ठाऊक असले, तरी भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे बाजूने डोकावायलाही फट उरत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी यांपैकी एका ओळीतल्या शेवटच्या घरावर पिवळा फलक लागला. दुपारी दोन ते पाच या वेळात माणशी सहा पौंड देऊन कोणालाही आतली बाग पाहता येईल, असे त्यावर लिहिले होते. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आईला घेऊन मी तिथे गेले. घर खासगी आहे आणि बागेच्या मालकीणबाईंना नावाची हौस नाही, म्हणून पत्ता येथे देत नाही. मात्र अशा बागा पाहायला जावे की नाही, गेल्यास काय पाहावे आणि पैसे वसूल होतात का, याविषयी सविस्तर लिहिण्याजोगे पुष्कळ आहे.

आधी या प्रथेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते माहीत नसेल तर पिवळ्या फलकाचा अर्थ लागत नाही आणि अनोळखी माणसाच्या बोळात शिरताना उगाच संकोच वाटतो. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये आपल्या आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेला घरी नेमले होते. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी त्याच बाईंना शहरातल्या गरीब रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम दिले, आणि घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची पद्धत त्यातून उभी राहिली. पुढे या परिचारिकांची राष्ट्रीय पातळीवरची संस्था झाली. तिला निधी हवा होता, तेव्हा संस्थेच्या सदस्या एल्सी वॅग यांनी सुचवले की, ज्यांच्या बागा सुंदर आहेत त्यांनी त्या लोकांना माणशी एक शिलिंग घेऊन दाखवाव्यात. १९२७ च्या पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. आज नॅशनल गार्डन स्कीम या नावाने चालणाऱ्या या उपक्रमात इंग्लंड आणि वेल्समधल्या तीन हजारांहून अधिक बागा आहेत. प्रवेशाचे पैसे मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट, मेरी क्युरी, हॉस्पिस यूके, पार्किन्सन्स यूके यांसारख्या आरोग्यसेवेच्या संस्थांकडे जातात. कोणती बाग कोणत्या दिवशी उघडी आहे याची पिवळ्या मुखपृष्ठाची जाडजूड पुस्तिका दरवर्षी निघते, म्हणून लोक तिला नुसते ‘यलो बुक’ म्हणतात. बागेच्या मालकाला यातले काही मिळत नाही. उलट त्या एका दुपारसाठी तो वर्षभर राबतो, हे मला आतमध्ये गेल्यावर कळले.

अर्थात हवी ती बाग या यादीत घेतली जात नाही. त्या त्या परगण्याचे स्वयंसेवक आधी येऊन पाहणी करतात, आणि पाहुण्याला निदान पाऊण तास रमता आले पाहिजे असा जुना दंडक आहे. अठरा फूट रुंद आणि सुमारे सत्तर फूट लांब अशा पट्टीत, म्हणजे एखाद्या वाड्याच्या बोळाएवढ्या जागेत, पाऊण तास कोणी कसा काढील, असे मला वाटले होते. आम्ही दोघी तिथे दोन तास होतो.

बोळाच्या तोंडाशी टेबल मांडून एक स्वयंसेवक आजोबा बसले होते. पैसे रोख किंवा कार्डाने देता येत होते. हातावर पिवळी गोल चिकटपट्टी लावून त्यांनी आम्हाला आत सोडले. बोळातून बाहेर पडताच पहिली गोष्ट घडते ती म्हणजे थंडावा जाणवतो. ही बाग घराच्या ईशान्येला आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारापासून पहिले वीस फूट घराच्या सावलीत असतात. बहुतेक लोक अशा ठिकाणी फरशी घालून टेबलखुर्च्या मांडतात आणि मग ऊन येत नाही म्हणून वर्षभर कुरकुरतात. या बाईंनी तिथे बसण्याची जागा केलेलीच नाही. तो सगळा तुकडा त्यांनी नेच्यांना देऊन टाकला आहे आणि बसण्याचा ओटा थेट शेवटच्या टोकाला, जिथे ऊन पोहोचते तिथे नेला आहे. परिणामी सकाळचा चहा घेऊन बसायचे म्हटले, तरी रोज संपूर्ण बाग ओलांडून जावे लागते. मालकीणबाई म्हणाल्या की, बावीस वर्षांत बागेसाठी त्यांनी घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच, कारण चालता चालता कुठे काय वाळले, कुठे कीड लागली हे आपोआप दिसते आणि बागकामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मला हे पटले. आमच्या साताऱ्याच्या घरीही तुळशीपाशी जायचे तर पूर्ण परस ओलांडावा लागे, आणि आई दूर्वा काढायला म्हणून गेली की अर्ध्या तासाने हातात चार वाळकी पाने आणि दोन भेंड्या घेऊन परत येई.

नेच्यांच्या या तुकड्यात वृक्षनेच्याची तीन झाडे आहेत. हा नेचा मूळचा ऑस्ट्रेलियातला. त्याचे खोड वर्षाला जेमतेम इंचभर वाढते, त्यामुळे छातीएवढ्या उंचीच्या झाडाचे वय काही दशकांचे असते आणि रोपवाटिकेत त्याची किंमत फुटांवर ठरते. जवळ जाऊन पाहिले तर त्याला आपण खोड म्हणतो ते खरे तर जुन्या पानांच्या बुंध्यांचे आणि मुळांचे दाट, तपकिरी, काथ्यासारखे वेटोळे आहे. आईने त्यावर तळहात ठेवला आणि ओला लागला म्हणून मागे घेतला. बाईंनी समजावले की, या झाडाला पाणी जमिनीत घालून पुरत नाही, ते खोडावरून आणि वरच्या गाभ्यात ओतावे लागते. थंडी सुरू झाली की त्याच गाभ्यात त्या मूठभर वाळका पेंढा कोंबतात आणि पाने वरून दुमडून बांधतात, म्हणजे हिमात कोंब वाचतो. गाभ्यात पुढच्या वर्षीची पाने गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळून, तांबूस लव पांघरून बसलेली होती. ती बघायला मला पायाच्या बोटांवर उभे राहावे लागले. एवढ्या एका झाडापाशी आमची दहा मिनिटे गेली, आणि मागे उभ्या असलेल्या जोडप्याने अत्यंत सभ्यपणे खाकरून आम्हाला पुढे सरकवले.

पुढची वाट सरळ नाही. जुन्या विटांची ही वाट तीन ठिकाणी वळते आणि प्रत्येक वळणावर डोक्याहून उंच असे काहीतरी उभे केलेले आहे: पहिल्यावर नेचा, दुसऱ्यावर बांबू आणि तिसऱ्यावर केळ. त्यामुळे बागेचा शेवट कुठूनच एका नजरेत येत नाही. दोन्ही कडेचे लाकडी कुंपण जवळजवळ काळे वाटेल अशा गडद हिरव्या रंगाने रंगवले आहे, आणि त्या रंगापुढे पाने उठून दिसत असल्यामुळे कुंपण कुठे आहे हेच विसरायला होते. शेजाऱ्यांच्या आवारातला उंच बर्च वृक्षही या बागेचाच वाटतो, कारण त्याच्या दिशेने मुद्दाम फट ठेवलेली आहे. लहान जागा मोठी दाखवण्याच्या या युक्त्या पुस्तकांतून वाचलेल्या होत्या. त्या प्रत्यक्षात किती चालतात हे मात्र पावलांनी मोजल्यावरच समजते. एक युक्ती मला खटकली. दुसऱ्या वळणावर कुंपणाला एक जुना आरसा टांगलेला आहे, जेणेकरून तिथे दार असून पलीकडे आणखी बाग आहे असा भास व्हावा. भास होतो हे खरे, पण त्यात आधी स्वतःचेच तोंड दिसते. शिवाय पक्षी आरशावर आपटण्याची भीती असतेच.

माती हा या बागेचा न दिसणारा, पण सर्वांत मोलाचा भाग आहे. लंडनच्या पोटात चिकण माती आहे. हिवाळ्यात ती बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. बाईंनी बावीस वर्षे त्या मातीत पानखत मिसळले आहे. शरद ऋतूत रस्त्यावरची आणि शेजाऱ्यांची गळलेली पाने त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरतात, पिशव्यांना काट्याने भोके पाडतात, थोडे पाणी शिंपडतात आणि दोन वर्षे त्या ओट्यामागे विसरून जातात. त्यातली एक पिशवी पाहुण्यांसाठी उघडून ठेवलेली होती. आतला माल चहाच्या चोथ्यासारखा काळा, मोकळा आणि जवळजवळ बिनवासाचा होता. लंडनच्या रस्त्यांवर जागोजाग असणाऱ्या प्लेन वृक्षाची पाने चिवट असतात, ती लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या ती आधी बारीक करून घेतात. आईने ते खत मुठीत दाबून, मूठ उघडून, ढेकूळ फुटते की राहते ते पाहिले आणि मान डोलावली. भाषेची अडचण त्या दोघींना इथून पुढे फारशी आली नाही. पाण्याची व्यवस्थाही अशीच साधी आहे. छपराच्या पन्हळीचे पाणी दोनशे लिटरच्या दोन पिंपांत उतरवलेले आहे आणि पहिले भरले की नळीने दुसऱ्यात जाते. पावसाळी समजल्या जाणाऱ्या या देशात कोरड्या उन्हाळ्यात रबरी नळीने झाडांना पाणी घालण्यावर बंदी येते, हे इथे राहायला आल्याशिवाय खरे वाटत नाही.

शेवटच्या वीस फुटांत बाग एकदम बदलते. तिथे ऊन आहे, मागे दिवसभर तापणारी विटांची भिंत आहे आणि सप्टेंबर असूनही सगळे ऐन भरात होते: काळपट लाल डेलिया, नारिंगी कर्दळी, माझ्या खांद्यापर्यंत आलेली हळदीच्या कुळातली झाडे आणि त्यांच्यावर सावली धरणारी केळ. इंग्रज माणसाला हा कोपरा विदेशी वाटतो. आम्हाला तो घरच्यासारखा वाटला, आणि आमच्याभोवती उभे असलेले लोक ज्या कौतुकाने कर्दळीकडे पाहत होते ते पाहून आईला हसू आवरेना, कारण आमच्याकडे कर्दळ मोरीच्या पाण्यावर वाढते. ही केळ थंडी सोसणाऱ्या जातीची आहे. तिला आलीच तर बारीक, बियांनी भरलेली, न खाण्याजोगी केळी येतात, आणि हिवाळ्यात खोडाभोवती पेंढा व कापड गुंडाळून तिला बाहुलीसारखे बांधून ठेवावे लागते. वाऱ्याने फाटलेल्या पानांचे काय करता, असे आईने मला विचारायला लावले. ती कापून खताच्या ढिगावर टाकते, असे बाईंनी सांगितले. गणपती दहा दिवसांवर आलेले असताना हे उत्तर ऐकून आई मराठीत जे काही पुटपुटली, ते मी भाषांतरित केले नाही.

पण त्या कोपऱ्यात खरे थांबायला लावले ते वासाने. केळीच्या पलीकडून येणारा तो गोड, किंचित मसालेदार वास आईने आधी ओळखला आणि म्हणाली, “अगं, सोनटक्का कुठंतरी आहे इथं.” भिंतीलगत हात-दीड हात लांबीचे फुलोरे उभे होते, पण फुले पिवळी होती आणि त्यांतून लालभडक पुंकेसर बाहेर आलेले होते. आमचा सोनटक्का पांढरा. श्रावण-भाद्रपदात ज्याच्या फुलांच्या जुड्या बाजारात येतात, तो हाच की दुसरा, यावर आम्हा दोघींत थोडा वाद झाला. बाईंनी तो सोडवला. हे सोनटक्क्याच्याच वंशातले, पण हिमालयातले झाड आहे, आणि नेपाळमध्ये ब्रिटिशांचा प्रतिनिधी असलेल्या एडवर्ड गार्डनर यांचे नाव त्याला मिळाले आहे. म्हणजे इंग्रजांना गार्डनर आडनावाचाच माणूस त्यासाठी सापडावा, हा योगायोग गमतीचा. हेच झाड न्यूझीलंड आणि हवाई बेटांवर रानोमाळ पसरून तिथल्या जंगलांना डोईजड झाले आहे. लंडनमध्ये थंडीच त्याला आवर घालते. पहिल्या हिमात पाने काळी पडली की बाई दांडे जमिनीलगत कापतात आणि गड्ड्यांवर वीतभर पानखत पसरतात. मे महिन्यापर्यंत जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि पहिल्या वर्षी त्यांनी ते मेले समजून जवळजवळ खणून टाकले होते. डेलियाचे आणि याचे कोवळे कोंब बिनशंखाच्या गोगलगाईंना प्रिय आहेत, म्हणून जूनमध्ये रोज रात्री बत्ती घेऊन त्या वेचायला निघावे लागते. आईने बोटांनी दाखवले की, साताऱ्यात पावसाळ्यात त्या एवढ्या मोठ्या असतात आणि ती त्यांच्यावर मीठ टाकते. मिठाने मातीचे नुकसान होते, असे बाईंनी सौम्यपणे सांगितले. आईने ते ऐकून घेतले, मान्य केले नाही.

ही सगळी माहिती मला संभाषणातून मिळाली, आणि या बागेविषयीची माझी पहिली तक्रारही तिथेच आहे. संपूर्ण बागेत एकाही झाडापाशी नावाची पाटी नाही. पाट्यांनी बागेची स्मशानभूमी होते, असे बाईंचे मत आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण तीन तासांत शंभरच्या आसपास माणसे येणार, त्यांतल्या प्रत्येकाने एकाच बाईंना गाठून “हे काय आहे” असे विचारायचे, ही व्यवस्था कोणालाच सुखाची नाही. आम्हाला त्यांचा वेळ मिळाला, कारण आम्ही दोनच्या ठोक्याला गेलो होतो आणि पहिल्या अर्ध्या तासात आत दहा-बारा माणसेच होती. तीननंतर विटांच्या त्या वाटेवर दोन दिशांनी येणारी माणसे एकमेकांना वाट देत कडेच्या वाफ्यांत अर्धे पाऊल टाकू लागली, आणि मालकीणबाई एका टोकाला अशा अडकल्या की, नेच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे कुतूहल तसेच राहिले. प्रवेशासोबत एक पानाची यादी आणि साधा नकाशा दिला असता, तर पाट्यांवाचूनही काम भागले असते. ज्यांना प्रत्येक झाडापाशी नाव हवेच असते, त्यांनी थेम्सकाठच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये जावे. औषधविक्रेत्यांच्या मंडळीने १६७३ मध्ये वसवलेल्या त्या बागेत शिकवण्यासाठीच झाडे लावलेली आहेत. मात्र तिथे झाडाला पेंढा कधी बांधायचा हे सांगायला त्या झाडाचा मालक उभा नसतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बोळातून बागेत उतरायला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, आणि पायऱ्यांवर शेवाळ आहे. आई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे हळू उतरते, त्या पायऱ्यांवर तिला दोन्ही बाजूंनी धरावे लागले. चाकांची खुर्ची किंवा मुलांची गाडी आत नेता येत नाही. हे जाहिरातीत नमूद केलेले होते, पण कठड्याऐवजी एखादा दोर जरी बांधला असता तरी चालले असते. पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह नाही. खासगी घराच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे, आणि अशा बहुतेक लहान बागांत ते नसतेच, तरी वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी जवळच्या कॉफीच्या दुकानाची चौकशी करून ठेवावी. बसायला शेवटच्या ओट्यावर एक बाक आणि चार घडीच्या खुर्च्या होत्या. ज्याने त्या आधी पटकावल्या त्याने त्या सोडल्या नाहीत.

चहापाणी वेगळे, त्याचे साडेतीन पौंड. या प्रथेत चहा आणि घरी केलेला केक यांना बागेइतकेच महत्त्व असते, आणि केवळ केकवरून बागांचा क्रम लावणारी मंडळी मला भेटलेली आहेत. टेबलावर जॅम भरलेला व्हिक्टोरिया स्पंज, लिंबाचा केक आणि अक्रोड घातलेला कॉफीचा केक होता. लिंबाचा केक उत्तम होता. वरची साखर कडक आणि आतला भाग ओलसर असा तो मेळ दुकानात मिळत नाही. बिनअंड्याचे मात्र काहीच नव्हते, त्यामुळे आईच्या वाट्याला चहा आणि पाकिटातले बिस्किट आले. चहाविषयी तिचे मत असे की, गरम पाण्यात दूध टाकून त्याला चहा म्हणणाऱ्या लोकांनी इतकी चांगली माती कशी केली, हे कोडे आहे. चहा वाढणाऱ्या शेजारणीने एका मोठ्या वहीत पाहुण्यांचे अभिप्राय घेतले. आईने त्यात मोडीसारख्या दिसणाऱ्या आपल्या घाईच्या देवनागरीत तीन ओळी लिहिल्या. त्या कोणाला वाचता येतील याची शक्यता कमी आहे.

मोठ्या जमीनदारी बागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तलाव, शंभर फुटांचे गुलाबांचे ताटवे, पंधरा माळी आणि वाहनतळ असे सगळे तिथे असते, आणि पाहून परतल्यावर आपल्या घरी त्यातले काहीच करता येत नाही हे लक्षात येते. उन्हाळ्यात एका शनिवार-रविवारी लंडनमधले एरवी कुलूपबंद असणारे चौकही लोकांना उघडतात. तेही सुंदर असतात, पण त्यांची निगा समित्या राखतात आणि समितीने लावलेले झाड लगेच ओळखू येते. शहरातली लहान खासगी बाग पाहण्याचा फायदा हा की, तिच्या अडचणी आपल्याच असतात: अर्धवट सावली, भिंतींनी अडवलेला वारा, चिकट माती, साठवणुकीला नसलेली जागा. माझ्या सदनिकेला नऊ फूट बाय चार फुटांची उत्तरेकडची बाल्कनी आहे. तिच्यात चार वर्षे मी झेंडू जगवण्याचा हट्ट करत होते. त्या दुपारनंतर मी तिथे तीन नेचे आणून ठेवले आणि खुर्ची घरात, ऊन येते त्या खिडकीपाशी हलवली. ठाण्या-पुण्याच्या सदनिकांत सावलीच्या बाल्कनीत तुळस आणि गुलाब का तग धरत नाहीत म्हणून खंतावणाऱ्यांनाही सावलीशी भांडण थांबवण्याचा हा धडा लागू पडेल.

आपल्याकडे असे कोणी उघडील का, असे आईने परतीच्या वाटेवर विचारले. गच्चीवरच्या उत्तम बागा पुण्यात आहेत आणि त्या पाहायला ओळखीचे लोक जातातही, पण पैसे घेऊन अनोळखी माणसाला घरातून जिन्याने वर नेणे आपल्याला अवघड वाटते आणि पैसे न घेता सगळ्यांना बोलावणे त्याहून अवघड. इथे पैसे घेतल्यामुळेच संकोच मिटतो. पाहुणा कोणाच्या उपकारात राहत नाही आणि मालकाला आदरातिथ्याचा जाच होत नाही. घराचे स्वयंपाकघराकडचे दार त्या दिवशी आतून बंद होते आणि कोणीही काचेला नाक लावून आत पाहत नव्हते, ही शिस्त मला विशेष वाटली.

रोपविक्रीचे टेबल बोळातच, बाहेर पडण्याच्या जागी होते. डेलियाच्या कलमांना चार पौंड, नेच्याच्या लहान रोपांना तीन, आणि पिवळ्या सोनटक्क्याचे गड्डे लावलेल्या कुंड्यांना सहा. दुकानातल्या भावाच्या मानाने हे निम्मे आहेत, आणि रोप त्याच रस्त्याच्या मातीत आणि हवेत वाढलेले असल्यामुळे जगण्याची खात्री अधिक. कुंड्यांत खोचलेल्या पट्ट्यांवर फक्त किंमत होती. आम्ही एक कुंडी उचलली तेव्हा बाई स्वतः तिथे आल्या, आईला ते नाव पुन्हा म्हणायला लावले, कानाजवळून नीट ऐकले आणि शिसपेन्सिलीने रोमन लिपीत ‘सोनटाका’ असे पट्टीवर लिहिले. मी सुधारणा सुचवणार होते, पण आईने मला गप्प केले. उरलेल्या चार कुंड्यांवरही त्यांनी तेच लिहून टाकले.

बाग वर्षातून दोनदा उघडते. जूनची दुपार नेच्यांची आणि सप्टेंबरची भिंतीलगतच्या कोपऱ्याची, असे बाईंनी सांगितले, त्यामुळे एकदाच जायचे असेल तर सप्टेंबर निवडावा आणि दोन वाजता फाटकाशी हजर राहावे. पाच वर्षांखालची मुले सोबत असतील तर जाऊ नये, कारण काठाशी जाळी नसलेले एक बुटके तळे केळीच्या मागे आहे आणि वाटेवरून ते दिसत नाही. आमची कुंडी सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिला एक नवे पान फुटले असून ते अजून सुरळीसारखे गुंडाळलेलेच आहे.